आधी वजन, मग पाना

मी म्हटलं, मागून चिऱ्यांवर उभी करूया.
कायतान म्हणाला, नको. चिरा न सांगता फुटतो,
लाकूड आधी कुरकुरतं.
म्हणून फणसाचे दोन ओंडके, आणि त्यांवर
माझी वॅगन, मागची चाकं काढलेली,
माशेलच्या अंगणात साडी खोचून उभी.

बावीस वर्षं तो खाणीवरच्या ट्रकांखाली निजला.
आता खाण बंद. नखांतली लाल माती चालू.

गेल्या पौषात फातर्प्याच्या जत्रेला जाताना
बोरीच्या उतारावर शेपूट फिरलं.
मागे खाजाच्या अकरा टोपल्या, काटा, दुकानाचे पत्रे,
त्या सगळ्यावर माझा भाचा सगुण.
मी वळले, गाडी वळली,
तिचं बूड मात्र सरळ झुवारीकडे निघालं.
सगुण काही बोलला नाही.
पूल ओलांडल्यावर उतरला
आणि उरलेली वाट बसने आला.

फोंड्याचा गॅरेजवाला म्हणाला, विकून टाक, बाय.
मी बेळगावहून स्प्रिंगा मागवल्या.
जुन्याची तार बारा मिलिमीटर, नव्याची तेरा.
एका मिलिमीटरने काय होतं, सगुण विचारतो.
काय सांगू त्याला?
एक तार आणि दोन तार यांच्यामध्ये
बोटांवर जेवढी जागा असते, तेवढ्यावर
माझं घर चाललं आहे.
अलीकडे खाजं ओलं, पलीकडे गिऱ्हाइकाचा दात.

डावा बोल्ट हलेना.
तेल, थांबणं, हातोडी, पुन्हा तेल.
शेवटी पान्याला विहिरीचा जुना पाइप जोडून
आम्ही दोघं त्याला लोंबकळलो.
असा किंचाळून सुटला की शेजारची कोंबडी
दुसऱ्या दिवशीही अंगणात आली नाही.

जुना शॉकॲब्सॉर्बर मी हाताने दाबला.
आत गेला, तिथेच राहिला.
ढकलाल तिथे राहतो; आमच्या घरात
असे दोन पुरुष आहेत.

नवी स्प्रिंग दाबताना मात्र कायतान हसला नाही.
इकडे तीन फेरे, तिकडे तीन.
सगुणला माडापलीकडे उभं केलं.
“हिचा राग गेला नाही, आपण फक्त बांधलाय.”

सगळं बसलं. रबरी बुश नवे, काळे, ओठांसारखे.
मी पाना उचलला, त्याने मनगट धरलं.
“आता नाही. चाकं लाव, खाली उतरव,
जत्रेला भरतेस तेवढी भर. मग आवळ.
अधांतरी आवळलं तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं.”

जत्रेला तीन आठवडे होते.
घरात गूळ नव्हता, बेसन नव्हतं, तीळ नव्हते.
दोनशे ऐंशी किलो आणायचे कुठून?

फिलोमेना आली, तिच्या दोन मुली आल्या,
पोस्टातून सुटलेला घनःश्याम आला, आमची जाऊ आली.
वजन कुणी खरं सांगेना,
म्हणून गुळाच्या काट्यावर एकेकाला उभं केलं.
फिलोमेना म्हणाली अठ्ठावन्न,
काटा म्हणाला एकाहत्तर.
ती म्हणाली, तुझा काटा लबाड आहे,
आणि मी गिऱ्हाइकांसाठी शपथ घेते तशी घेतली.

चाकांना चिऱ्यांची उटी लावून मी खाली शिरले.
वर सगळे मागच्या फळीवर पाय दुमडून बसलेले.
स्प्रिंगा दोन बोटं खचल्या, थांबल्या.
कुणाच्या मुलीला मुंबईचं स्थळ आलं,
कुणाच्या पाटाला पाणी नाही,
हे सगळं माझ्या नाकावरून दीड हातावर चाललेलं,
आणि मी एकेक बोल्ट आवळत गेले
त्या भाराखाली, भार होता तोवर.

मग उतरायला कुणी तयार नव्हतं.
बोरीपर्यंत तरी ने, म्हणाले.
सगुण पुढे माझ्या शेजारी, दाराचं हँडल धरून.
उतार आला. तिसरा गिअर.
मी वळले. गाडी वळली.
बूडही.

थोड्या वेळाने मागून फिलोमेना विचारते,
“ते वळण कधी येणार गो?”
पुलाच्या अर्ध्यावर होतो आम्ही.
सगुणने हँडल सोडलं, हात पँटीला पुसले.

डावीकडून बारीक टक् असा आवाज येतो.
खड्ड्यातच येतो.
उद्या बघते.